ताईच्या गाडीतलं जास्तीचं लोखंड

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं आणि बायको ते घेत नव्हती, त्यामुळे ते जवळजवळ कोरं करकरीत राहिलं होतं. सगळे त्याला चाळणी म्हणत. जुन्या मोटरसायकली पार सुट्या करायच्या, नव्याने बांधायच्या आणि बांधता बांधता त्यांचं वजन उतरवायचं, हा त्याचा धंदा. वजन उतरवायचे त्याला पुष्कळ मार्ग ठाऊक होते, पण जीव जडला होता भोकं पाडण्यावर. एखादं लांबरुंद चेनकव्हर दिसलं की त्याचा हात आपोआप ड्रिलकडे जायचा. ब्रेकची पट्टी, फूटरेस्टचा तुकडा, सायलेन्सर धरून ठेवणारा क्लॅम्प, काही म्हणून त्याच्या तावडीतून भोकाशिवाय सुटत नसे.

"ताकद असते ती कडेच्या लोखंडात," तो गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. "मधलं लोखंड नुसतं बसून खातं."

हे तत्त्वज्ञान घरापर्यंत पोचलं होतं. एकदा बायकोने दांडा ढिला झाला म्हणून स्टीलचा डाव त्याच्या हाती दिला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा दांडा पक्का बसला होता आणि डावाच्या वाटीत गोल भोकांची सुरेख रांगोळी उमटली होती.

"अहो, डाव दिला होता मी. हा झारा झाला!"

"पण उचलून तर बघ. हलका लागतो की नाही?"

"लागतो ना. रस्सासुद्धा थांबत नाही त्यात, मग जड कशाने होईल?"

स्वतः चाळणी पन्नाशी ओलांडलेला, उंच आणि इतका सडपातळ, की आपल्यावरच पहिला हात साफ करून त्याने हा धंदा सुरू केला असावा असं बघणाऱ्याला वाटे. वर्कशॉप घराच्या पुढच्याच खोलीत. मध्यभागी गाडी, छताच्या वाशाला लोंबणारा एक काटा, आणि काट्याच्या बरोबर खाली गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. ते स्टूल महत्त्वाचं होतं. आपली गाडी चाळणीकडे टाकून कुणाला निघून जाता येत नसे. गाडी उघडली जात असताना मालकाने समोर बसायचं. प्रत्येक भाग निघाला की चाळणी तो आधी काट्याला लावायचा, मग मालकाच्या हातात ठेवायचा आणि विचारायचा, "हे तुमच्याकडे काय काम करतं?"

माणसं गडबडून जात. इतकी वर्षं आपण हे ओझं वागवलं, पण ते काय करतं हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"हे... शोभेला आहे."

"मग शोकेसमध्ये ठेवा. गाडीवर कशाला?"

पण उत्तर मिळालं, तर चाळणी ते मानायचा. एका शाळामास्तरांच्या गाडीला हँडलखाली एक ओबडधोबड लोखंडी आकडा होता. मास्तर जरा लाजत म्हणाले, "मी यावर डबा अडकवतो. हिने दिलेला." चाळणीने तो आकडा घासूनपुसून, रंग देऊन जिथल्या तिथे परत लावला. भोकसुद्धा पाडलं नाही. डब्याच्या वजनाबद्दल मात्र बोलला, पण ते मास्तरांच्या घरचं प्रकरण होतं.

तर अशा या चाळणीला एक थोरली बहीण होती, आणि तिच्यापुढे तो चाळणी नव्हता. तिच्यापुढे तो छोट्या होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं असताना दारातून "छोट्या, आहेस का रे?" अशी हाक आली, की वाशाएवढा उंच माणूस हातातला पाना खाली ठेवून "आलो आलो" करत धावायचा, आणि गिऱ्हाईक तोंड फिरवून हसून घ्यायचं.

ताई शिवणयंत्रं दुरुस्त करायची. दुकान वगैरे काही नाही. घरोघरी जायचं, ज्या बाईचं मशीन अडलं असेल तिच्या दारात ते चालू करून द्यायचं. पोरवयात ती मशीनच्या एका दुकानात झाडलोट करायला जाई. झाडता झाडता बघत गेली, बघता बघता हात घालत गेली, आणि एक दिवस दुकानदाराला न सुटलेलं मशीन तिने सुरू करून दाखवलं. पुढे स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा प्रश्न आला अवजारांच्या पेटीचा. ती पेटी बघून बसवाले पुढच्या बसकडे बोट दाखवायचे, आणि पुढच्या बसवाल्याचं बोट त्याच्या मागच्या बसकडे असायचं. तेव्हा ताईने एक जुनी, अगडबंब मोटरसायकल घेतली. लोकांनी नावं ठेवली. ती म्हणाली, "तुमच्या बायकांची मशीनं बंद पडली की मी चालतच येते मग. चार दिवस लागतील, चालेल?" लोक गप्प झाले. बायका तर आधीपासूनच तिच्या बाजूच्या होत्या.

लग्न करायचं तिचं राहून गेलं. "वेळ कुठे होता," ती म्हणे, आणि एवढ्यावर विषय संपवून टाकी. त्या गाडीची टाकी पुसता पुसताच छोट्याला यंत्रांचं वेड लागलं. त्याच्या आयुष्यातली पहिली किक त्याने त्याच गाडीला मारली आणि नडगी फोडून घेतली. तेव्हा ताईने हळद लावली, फुंकर घातली आणि वर एक चापट पण दिली, की पाय असा ठेवायचा नसतो, असा ठेवायचा असतो.

गाडीला काही झालं नाही. झालं ते ताईला. एका घरचं मशीन उचलून जिना उतरताना तिचा पाय घसरला आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. साठी कधीच उलटून गेलेली, हाड हट्टी. डॉक्टरांनी जड काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. ताईच्या धंद्यात हलकं म्हणून होतं ते फक्त सुई.

तरी ती गाडी चालवायची. चालवायला त्रास नव्हता, किक पायाने मारायची असते. त्रास होता उभी करायला. त्या जुन्या गाडीच्या पोटाखाली दोन पायांचं मोठं स्टँड होतं, मेनस्टँड. त्यावर गाडी कशी ताठ, सरळ उभी राहते. पण तिला त्यावर चढवायचं तर एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागचा भाग धरून, उचलून मागे ओढावं लागतं. हा दुसरा हात आता संपावर गेला होता.

"मग करतेस काय?" चाळणीने विचारलं.

"काय करणार? पर्समध्ये काहीतरी शोधतेय असं दाखवत गाडीला टेकून उभी राहते. कुणी धडधाकट माणूस आला की म्हणते, बाबा रे, जरा हात लाव." ती हसली. "परवा एक आला. एका हाताने चढवली मेल्याने! चढवली आणि म्हणतो, आजी, आता घरी बसा की."

चाळणीही हसायला गेला, पण ताई हसायची थांबली होती.

"छोट्या, तू सगळ्यांच्या गाड्या हलक्या करतोस ना? माझी कर. नाही जमली तर विकून टाक. काम करायला मला अजून शंभर वर्षं चालतील, पण रस्त्यात कुणाची तरी वाट बघत उभं राहायचं, ते मला नाही जमणार."

ताईने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं होतं असं चाळणीला आठवेना. त्याने गाडी आत घेतली.

आणि इथे त्याची चूक झाली. ताईला त्याने स्टुलावर बसवलं नाही. एक तर तिचा खांदा असा, तिच्या हातात लोखंड कसं ठेवायचं? आणि दुसरं म्हणजे, सख्ख्या बहिणीला काय विचारायचं? ती गाडी त्याने पोरवयापासून पुसलेली. तिचा नटबोल्ट न् नटबोल्ट त्याला आपल्या दातांसारखा माहीत, किंबहुना जास्तच, कारण दातांतले काही एव्हाना निघून गेले होते. "तू घरी आराम कर," तो ऐटीत म्हणाला. "झाली की बोलावतो."

मग तो गाडीवर तुटून पडला. इतकं जीव ओतून त्याने कुणाचं काम केलं नव्हतं. पुढचा लेगगार्ड निघाला, तो काट्याला लावल्यावर वासा करकरला. जाडजूड पत्र्याची मडगार्डं गेली, त्या जागी ॲल्युमिनियमची बारीक मडगार्डं आली. चाकांच्या रिंगा बदलल्या. स्प्रिंगांची भलीमोठी सीट गेली. बॅटरी मुठीएवढी आली. मागचं कॅरिअर म्हणजे तर नुसती लोखंडी खाटच होती, ते पहिल्या झटक्यात उतरलं. पेटीची सोय म्हणून त्याने स्वतः बसून जाड कापडाची एक पिशवी शिवून घेतली, दोन्ही बाजूंना लोंबणारी, कप्प्याकप्प्यांची. आणि पोटाखालचं मेनस्टँड? ते तर त्याच्या धंद्यातला कुणीही सगळ्यांत आधी काढतो. साडेचार किलोचा ऐवज नुसता लटकत असतो. चाळणीने ते काढलं, ज्या लोखंडी कानांत ते बसतं ते कानही चौकटीवरून कापले, घासले, वर रंग दिला. इथे कधी काही होतं असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

बायको चहा घेऊन आली की त्या कपाला टेकायला जागा नसे. "ताईंच्या गाडीत आता गाडी किती उरलीय?" तिने विचारलं.

"जेवढी लागते तेवढीच," चाळणी म्हणाला. तो इतक्या खुशीत होता, की त्याने तिला स्टुलावर बसवून बाजूला काढलेल्या लोखंडाचा ढीग दाखवला. "बघ. माणसाएवढं वजन उतरलंय. एक अख्खा माणूस बसायचा ताईच्या मागे, भाडं न देता!"

ताईला बोलावणं गेलं. ती आली, दारात थांबली. उन्हात गाडी झळकत होती. सडसडीत, कमरेला बारीक, जिकडे तिकडे नक्षीदार भोकं. रस्त्याने जाणारी दोन माणसं थबकून बघायला लागली होती. चाळणीने बोटाने ढकलून गाडी हलवून दाखवली.

ताईने गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकली.

"स्टँड कुठंय?"

"हे काय!" चाळणीने चपलेच्या टोकाने नवं बसवलेलं साइडस्टँड बाहेर काढलं. एकच पाय, गाडी त्यावर डावीकडे कलून ऐटीत उभी राहिली.

"हे नाही. मोठं."

"ते काढलं. उचलायची भानगडच नको! आली, पाय टाकला, उतरली."

"अच्छा. आणि कॅरिअर?"

"पिशवी आहे ना, ताई. बघ, कप्पे कसे आहेत. हा सुयांना, हा तेलाच्या कुपीला..."

ताईने डाव्या हाताने एक कप्पा उघडला, मिटला. कललेली गाडी सरळ करून बघावी म्हणून हँडल धरलं, जरा ओढलं आणि खांद्यात कळ आली तशी सोडून दिलं. चाळणीला ते दिसलं नाही. तो पलीकडून भोकं दाखवत होता.

"छान झालीय रे," ताई म्हणाली. "फार मेहनत घेतलीस. पोरासोरांना फार आवडेल." आणि "आज राहू दे, बसनेच जाते" म्हणत निघूनही गेली.

चाळणी आत आला. बायको भाजी चिरत होती.

"काय म्हणाल्या ताई? ओरडल्या असतील, इतके दिवस लावलेत म्हणून."

"नाही. छान झालीय म्हणाली."

बायकोचा हात थांबला. "छान? ताई?"

"हो."

"आणखी काही नाही? टोमणा, काही?"

"मेहनत घेतलीस म्हणाली."

बायकोने सुरी खाली ठेवली. "अहो, काहीतरी फार चुकलंय तुमचं."

ती बरोबर होती हे दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळलं. ताई इकडचं तिकडचं बोलली, भावजय कशी आहे विचारलं, आणि शेवटी, जणू मिठाची पुडी आण म्हणून सांगावं तशी म्हणाली, "आणि हो, गाडीला एखादं चांगलं गिऱ्हाईक आलं तर बघ. घाई नाही. मी आता जवळची दोनचार घरं तेवढी करीन, मग हळूहळू बंदच करायचं म्हणते. किती वर्षं करायचं माणसाने?"

चाळणीने फोन ठेवला, पायात चपला अडकवल्या आणि दुकान उघडं टाकून तो ताईकडे गेला. ती हातात एक छोटी थैली घेऊन निघतच होती.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला.

"तू? तू काय करणार येऊन?"

"थैली धरीन."

"थैलीला भोकं पाडू नकोस म्हणजे झालं." टोमणा ऐकून त्याला जरा बरं वाटलं.

पहिलं घर मागच्याच गल्लीत होतं. एका शिवणवाल्या बाईची अंधारी खोली. खिडकी होती, पण तिच्यापुढे शेजारच्या इमारतीची भिंत. कपड्यांचे गठ्ठे, त्यात मशीन, आणि उरलेल्या जागेत ती बाई. मशीनच्या पोटात दोरा गुंतून बसला होता. ते उजेडात नेल्याशिवाय दिसणं शक्य नव्हतं. बाईने नेहमीच्या सवयीने मशीनचं डोकं टेबलावरून काढलं आणि गल्लीत आणलं. आणून इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"ताई, गाडी कुठंय?"

"आज नाही आणली. ठेव इथेच पायरीवर."

मशीन पायरीवर ठेवलं. ताई गुडघ्यांवर हात टेकत जमिनीवर बसली, मान तिरकी करून मशीनखाली बघू लागली. पायरी उतरती होती. एक स्क्रू घरंगळला आणि दोन फरशांच्या फटीत गेला. चाळणी ओणवा होऊन तो शोधायला लागला.

"दरवेळी असंच करतेस?" त्याने खालूनच विचारलं.

"छे! गाडीवर करते ना."

"गाडीवर?"

"गाडी स्टँडला लावायची, पेटी कॅरिअरवर असतेच. झाकण उघडून आडवं टाकलं की झालं टेबल. मशीन त्यावर ठेवायचं, उजेड मिळतो, मान मोडत नाही. अगदी सरळ असतं. स्क्रू ठेवला तर जागचा हलत नाही."

चाळणी तसाच ओणवा राहिला. ताईची गाडी दुरुस्तीला यायची ती नेहमी पेटी उतरवून यायची. पेटी ती घरी ठेवून यायची, वर्षानुवर्षं. ती लोखंडी खाट तिचं दुकान होतं. आणि पोटाखाली लटकणारं ते साडेचार किलोचं ओझं त्या दुकानाचा पाया.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?" ताई मशीनमध्येच बघत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. चाळणीला तो असता तर बरं वाटलं असतं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला तो आकड्यापासून बोल्टपर्यंत हे काय काम करतं म्हणून विचारत होता. आपल्या बहिणीला विचारायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं, कारण ती आपली होती.

स्क्रू सापडला. दोरा निघाला. मशीन परत टेबलावर बसवून ताई ते चालवून बघायला बसली. उजवा हात मांडीवर ठेवला होता, पाखराने मिटून घेतलेल्या पंखासारखा. पण खाली तिचे पाय पायडलवर चालू झाले आणि चाळणी बघतच राहिला. हलक्या, एकसारख्या, न थकणाऱ्या लयीत ते पाय चालले होते. मशीन कुरकुरलं, अडखळलं, मग सुरात आलं. शिवणवाली बाई दमून भिंतीला टेकली होती, ताईचे पाय चालूच. जन्मभर दिवसाला कितीतरी मशीनं चालवून बघितलेले पाय ते. ताईचा खांदा म्हातारा झाला होता. पायांना अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

चाळणीने ताईला घरी सोडलं आणि जवळजवळ पळतच वर्कशॉपमध्ये आला. लोखंडाच्या ढिगातून मेनस्टँड उपसून काढलं, कॅरिअर काढलं. कापलेले कान पुन्हा वेल्डिंग करून बसवताना नवाकोरा रंग फोडासारखा फुगून उठला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेल्डिंगच्या धुराचं असं धरायला हरकत नाही. मग त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबने आपला उजवा हात छातीशी करकचून बांधला आणि ताईसारखी गाडी स्टँडला चढवायला गेला. गाडी पलीकडे कलली, तो तिच्याबरोबर कलला, आणि दोघं मिळून भिंतीवर आदळले.

धडाड्-धूम ऐकून बायको धावत आली. टाकीला पोचा आलेला, आणि नवरा ट्यूबमध्ये गुंडाळलेला, भिंत आणि गाडी यांच्या मध्ये.

"अगं बाई! आता हातपण काढून ठेवताय का वजनाला?"

"आधी मला काढ इथून."

तिने काढलं. त्याने तिला सगळं सांगितलं. पोचा, पिशवी, पायरी, पाय. ती ऐकत ऐकत ट्यूबची गाठ सोडत होती. "म्हणजे हाताने उचलायचंच नाही," ती म्हणाली. "पायानेच काहीतरी करा."

"तेच तर."

स्टँडला खाली एक लहानशी पट्टी असते, पाय ठेवून दाबायची. कारखान्याने ती वीतभरही केली नव्हती. ज्याचे दोन्ही हात शाबूत, त्याला तेवढी पुरते. चाळणीने तिला पुढे चांगला जाड तुकडा जोडून ती लांब केली, म्हणजे त्यावर नुसतं उभं राहिलं तरी माणसाचंच वजन गाडीला मागे ढकलून वर चढवेल. टोकाला रुंद, खरबरीत जागा केली, तळवा पूर्ण टेकेल अशी. आणि कॅरिअरच्या खाली, हात नुसता सरळ खाली सोडला की मुठीत येईल अशा उंचीवर, एक दांडी बसवली. ओढायची नाही, उचलायची नाही, गाडीचा तोल सुटू नये म्हणून फक्त धरायची. खांदा जागचा हलणारसुद्धा नाही. दांडी भरीव लोखंडाची केली. पोकळ नळी हाताशी होती, पण ताईच्या मुठीत जे येणार ते भरीव असावं असं त्याला वाटलं.

आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या गाडीला लोखंड चढवत होता. ड्रिल मशीन कोपऱ्यात पाहुण्यासारखं बसून होतं.

पहिली परीक्षा बायकोने दिली. तिचा बांधा ताईएवढाच. तिने दांडी धरली, पट्टीवर पाय ठेवला, घाबरत घाबरत उभी राहिली, आणि गाडी एखाद्या समजूतदार म्हशीसारखी मागे सरकून स्टँडवर बसली.

"अय्या!" ती म्हणाली. "हे मी केलं?" तिने गाडी उतरवली, परत चढवली. पुन्हा उतरवली. चाळणी पुरे म्हणाला तरी तिचं चालूच. "थांबा हो, किती सोपं आहे! मला शिकवा ना चालवायला."

"आधी ताईची होऊ दे."

"आणि वजन? काट्याला नाही लावणार?"

चाळणीने वर लोंबत्या काट्याकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "जे आहे ते आहे."

हलकी मडगार्डं, हलक्या रिंगा, बारकी बॅटरी त्याने तशीच ठेवली. स्प्रिंगांची सीट परत आली. सकाळी तो गाडी ताईच्या दारात घेऊन गेला. ताई बाहेर आली. टाकीवरचा पोचा तिने आधी पाहिला, मग कॅरिअर, मग वाकून खालचं. बराच वेळ वाकलेली होती.

"हे काय आहे लांबलचक?"

"पाय ठेवायला."

"वाढवलंस तू? तू?"

"चढ ना गाडीवर, उगीच काय!" चाळणी तिच्या नजरेला नजर न देता पेटी बांधू लागला.

मागच्या गल्लीतल्या त्याच बाईच्या मशीनचा पट्टा बदलायचा राहिला होता. ताई गाडीवर पुढे गेली, चाळणी लांब टांगा टाकत मागून पोचला. ती त्याचीच वाट बघत होती, इंजिन बंद करून, एक पाय जमिनीला लावून. खिडकीत शिवणवाली बाई येऊन उभी राहिली होती. ताई उतरली. डाव्या हाताने हँडल, उजवा हात सरळ खाली, दांडीवर. चाळणी पलीकडून धावला आणि गाडीला दोन्ही हात लावले.

"हात काढ," ताई म्हणाली.

त्याने हात काढले, पण वीतभर अंतरावर तसेच धरून ठेवले, पडलीच तर झेलायला.

"छोट्या. अजून लांब."

त्याने हात मागे घेतले आणि ते कुठे ठेवायचे हे न कळून काखेत कोंबले. ताईने पट्टीवर पाय टेकवला, चपलेने ती एकदा चाचपली, आणि त्यावर उभी राहिली. गाडी कुरकुरली, मागे सरकली, वर आली आणि खटकन् बसली. ताठ, सरळ. पेटीत काही खुळखुळलंसुद्धा नाही.

तिने गाडी पुढे ढकलून स्टँडवरून उतरवली आणि पुन्हा चढवली. मग पेटीचं झाकण उघडून आडवं टाकलं, बाईने आणलेलं मशीन त्यावर ठेवून घेतलं आणि पेचकस शोधू लागली.

"आता जा तू," ती पेटीत बघत म्हणाली. "उभा काय राहिलास खांबासारखा? उजेड अडतोय माझा."

"खांदा दुखला?"

"कुठला खांदा?" असं म्हणून तिने उजेडाकडे तोंड केलं. चाळणीला तिचा चेहरा दिसला नाही, आणि तिला तसंच हवं होतं हे त्याला कळलं. तो निघाला, पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाय निघेना म्हणून चपलेचा अंगठा नीट करत थांबला.

काम आटोपायला आलं तसा समोरून एक भला माणूस हातात पिशवी घेऊन आला. एवढी जुनी दणकट गाडी, शेजारी एवढीशी म्हातारी बाई. तो थांबला, पिशवी भिंतीशी ठेवली आणि बाह्या सावरत पुढे आला.

"उतरवून देऊ का हो गाडी?"

ताईने पेटी बंद केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तिला तो काय विचारतोय हे खरोखरच पटकन कळलं नाही.

"कशाला?" ती म्हणाली.